सड्यावरची पवनचक्की आणि मुंबईकरांची सही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर माथाडींच्या मुलांना भूगोल शिकवला. आजचा माझा विषयही एका अर्थी भूगोलाचाच आहे. गावाकडच्या माळावर, डोंगराच्या सड्यावर, एखाद्या घराशेजारी छोटी पवनचक्की उभी करायला परवानगी द्यावी की नाही? आयोजकांना मी विषय कळवला तेव्हा तिकडून जरा शांतता झाली. नंतर विचारणा आली, की नवी मुंबईत बसून पवनचक्कीवर काय बोलणार? इथला वारा खाडीवरून येतो, इमारतींना अडखळतो आणि संध्याकाळी चार घरांचे पडदे हलवून थांबतो. तो मुद्दा मला मान्य आहे. शहरात गच्चीवर छोटी पवनचक्की बसवू नका, एवढाच माझा शहरापुरता सल्ला आहे. इंग्लंडमध्ये छपरांवरच्या यंत्रांची रीतसर मोजमापे झाली, तेव्हा शहरी छपरांवरच्या बहुतेक यंत्रांनी मालकांची निराशाच केली. इमारतींमुळे वारा विस्कटतो आणि विस्कटलेला वारा पात्याला फिरवतो कमी, हादरवतो जास्त.

तरीही हा विषय नवी मुंबईचाच आहे, आणि त्याचे कारण समोरच्या खुर्च्यांवर बसले आहे. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली इथल्या माथाडी वसाहतींत राहणाऱ्यांपैकी कितीतरी कुटुंबे पाटण, जावळी, सातारा भागातली. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या चळवळीमुळे झाला, ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. आणि याच पाटण तालुक्यात वनकुसवडे आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवर, खाली कोयनेचा शिवसागर आणि वर पठारभर पवनचक्क्या. एकेकाळी आशियातल्या मोठ्या पवनक्षेत्रांत त्याची गणना होत होती. म्हणजे बाप वाशीच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहत होता, त्या वर्षांत त्याच्या गावाच्या डोक्यावर पाती फिरू लागली होती.

त्या जमिनी गेल्या कशा, हे इथल्या पुष्कळांना घरातूनच माहीत असेल. सड्यावरची जमीन सातबाऱ्यावर बहुधा पोटखराबा नाहीतर पडीक. खातेदार सामाईक, नावे सात-आठ, त्यातली निम्मी मुंबईत. गावातला एकटा भाऊ गुरे चारायला तिकडे जायचा, बाकीच्यांनी ती जमीन वर्षानुवर्षे पाहिलेलीही नव्हती. खडकच तो, पिकत काहीच नाही. मग दलाल सांगेल तो भाव मोठाच वाटणार. सही इथे झाली, पवनचक्की तिथे उभी राहिली. परवानगी द्यायची की नाही, हा निर्णय आपण कलेक्टर कचेरीत किंवा मंत्रालयात होतो असे समजतो. प्रत्यक्षात तो कितीतरी वेळा कोपरखैरण्याच्या एखाद्या खोलीत, चहाच्या कपाशेजारी झाला आहे.

आता छोटी म्हणजे केवढी, हे आधी ठरवू. पाती फिरताना हवेत जे वर्तुळ काढतात, त्याचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटरपर्यंत असेल तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती छोटी पवनचक्की. म्हणजे वर्तुळाचा व्यास सुमारे सोळा मीटर. गंमत अशी, की १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात पवनविजेचे पहिले सरकारी प्रयोग झाले, आपल्याकडे कोकणात देवगडला, तेव्हा ५५ किलोवॅटची यंत्रे बसवली गेली. त्यांचा व्यास पंधरा मीटरच्या आसपास. आजच्या मापाने ती सगळी छोटीच. वनकुसवड्याला आली ती ३५० किलोवॅटची आणि आता बाजारात येतात ती दोन-तीन मेगावॅटची. घराशेजारी लागते ती याच्या कितीतरी खालची, एक ते पाच किलोवॅटची.

एक किलोवॅट म्हटले की लोकांना वाटते, चोवीस तास एक किलोवॅट मिळणार. विकणाराही ती समजूत मोडायला जात नाही. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट, आणि वेग निम्मा झाला तर शक्ती आठव्या हिश्श्यावर. अडीच मीटर व्यासाचे एक किलोवॅटचे यंत्र सेकंदाला अकरा-बारा मीटर वाऱ्याला एक किलोवॅट देते. वारा पाच मीटरवर आला की हातात उरतात जेमतेम शंभर वॅट, म्हणजे एक पंखा आणि दोन दिवे. त्यात पठारावरची हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ, म्हणजे तेवढी शक्ती तिथेही कमी. म्हणून परवानगीच्या अर्जासोबत पहिला कागद हवा तो वर्षभराच्या वारा-मोजणीचा. हा कागद नसेल तर माझ्या मते पुढचे काही वाचूच नये.

आणि हा वारा येतो कधी? आपल्या सह्याद्रीवर पवनचक्कीची सुगी जून ते सप्टेंबर. नैर्ऋत्य मोसमी वारा घाटावर आदळतो तेव्हा पाती खरी घरघरतात. ऑक्टोबरनंतर ती पेंगतात. आता शेतकऱ्याला पंपासाठी वीज लागते कधी? नेमकी नोव्हेंबर ते मे. म्हणून शेतीपंपासाठी कोणी पवनचक्की मागत असेल तर त्याला समजावून सौरपंपाकडे वळवावे. राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहेच. घराच्या छपरावरच्या सौर पॅनेललाही २०२४ पासून केंद्राचे ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मग छोटी पवनचक्की हवी कुणाला? कोयनेच्या खोऱ्यावरच्या एखाद्या वाडीत जुलैमध्ये राहून पाहा. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, ढग दारातून आत येतात, झाड तारेवर पडले की वायरमन पोहोचेपर्यंत चार दिवस अंधार. त्याच दिवसांत सौर पॅनेल आजारी आणि वारा मात्र दांडगा. अशा वाडीला पॅनेलच्या जोडीला एक किलोवॅटची पवनचक्की आणि बॅटरी मिळाली, तर पोरांचा अभ्यास, मोबाइल आणि गोठ्यातला दिवा चालतो. केंद्राने छोट्या पवनऊर्जेचा आणि अशा संमिश्र संचांचा कार्यक्रम काढला होता आणि महाराष्ट्रात राज्याच्या महाऊर्जा संस्थेमार्फत असे पुष्कळ संच बसले, ते याच हिशेबावर. म्हणजे गरज खरी आहे, पण ती थोड्या ठिकाणी आणि थोड्या महिन्यांसाठी आहे. परवानगी देणाऱ्याने ही 'थोडी' लक्षात ठेवली म्हणजे अर्धे भांडण मिटते.

विरोध करणाऱ्यांचेही सगळेच खरे मानायचे कारण नाही. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत सातारा, सांगली, धुळे भागात बोलवा उठली की पवनचक्क्यांनी पाऊस पळवला. पाती ढग कापतात, असे भर सभेत सांगितले गेले. माण-खटावचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला होता आणि समोरच्या डोंगरावर अनोळखी माणसांची यंत्रे फिरत होती. त्याला राग आला यात नवल नाही. पण कोयनानगरला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि थोडे पूर्वेला सरकले की माणमध्ये त्याचा दहावा हिस्सा, हे सह्याद्रीचे देणे आहे, पवनचक्कीच्या बापजाद्यांच्या आधीचे. पाऊस ठरवणारे वारे काही किलोमीटर जाडीचे असतात. सत्तर-ऐंशी मीटर उंचीच्या खांबाने ते अडत नाहीत. मला वाटते, लोकांना म्हणायचे होते ते वेगळेच. आमच्या डोंगरावर आम्हाला न विचारता हे आले, वीज दुसरीकडे गेली, पैसा तिसरीकडे गेला. ही तक्रार मांडायला कागदावर जागाच नव्हती, म्हणून ती पावसाच्या नावावर नोंदली गेली.

पैसा तिसरीकडे गेला हे मी उगाच म्हणत नाही. १९९०च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळत असे. नफ्यात असलेल्या कंपनीने पवनचक्की घेतली की तिची पूर्ण किंमत करपात्र उत्पन्नातून वजा. वीज किती झाली, हा नंतरचा प्रश्न. यंत्र विकत घेणाऱ्याने सडा कधी पाहिलेला नसे आणि सडा विकणाऱ्याने तो विसरलेला असे. दोघांच्या मधे जो उरला, तो तिथे राहणारा.

त्या सड्यावर काय आहे, हे जरा जवळून पाहू, कारण 'पोटखराबा' या नोंदीने आपले डोळे बांधले आहेत. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचे पठार. कासचे पठार, जे पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तेही याच जातीचे. जांभ्याची काळी पाठ, तिच्यावर कुठे बोटभर माती, कुठे तीही नाही. एप्रिलमध्ये अनवाणी पाय टेकवत नाही. सप्टेंबरमध्ये त्याच खडकाच्या खळग्यांत घोटाभर पाणी साठते आणि काठाने सीतेची आसवे, गेंद, कवला, तेरडा असा ताटवा उठतो. त्यातली सीतेची आसवे कीटक खाऊन जगतात, कारण खडकात नत्रच नाही. बोटभर मातीवर चालणारा हा सगळा संसार आहे. त्यावरून एकदा मुरमाचा रस्ता गेला की पाण्याची वाट बदलते, आणि तो ताटवा परत येत नाही.

मे महिन्यात या पठारावर दगडादगडावर एक सरडा उभा असतो. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी पिशवी, निळी, काळी आणि नारिंगी. मादीला दाखवायला आणि शेजाऱ्याला बजावायला तो ती उघडझाप करतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांसाठी नवी प्रजाती (जीनस) मांडली आणि नाव ठेवले चक्क 'सरडा'. लॅटिन नावांच्या गर्दीत आपला मराठी सरडा, सरडा सुपर्बा, जगाच्या नोंदीत गेला. याच सरड्यांवर भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीत काम केले आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी पठाराचा पवनचक्क्यांचा भाग आणि बिनपवनचक्क्यांचा भाग यांची तुलना केली. पवनचक्क्या तिथे सोळा ते वीस वर्षे उभ्या होत्या. जिथे पाती फिरत होती तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी. घारी-ससाणे दूर राहिल्यामुळे सरड्यांची संख्या वाढलेली. माणूस जवळ गेला तरी हे सरडे लवकर पळत नाहीत, त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी, आणि गळ्याचे रंगही फिके. वाढलेल्या गर्दीत खाणे वाटून घ्यायचे, तर रंग कुठून आणणार? आकाशातली घार हटली आणि जमिनीवरच्या सरड्याचा रंग उडाला, इतके ते सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. कुठल्याही परवानगीच्या फायलीत हा सरडा नव्हता. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेच्या यादीत पवनप्रकल्प नाहीतच. मोठ्यातल्या मोठ्या प्रकल्पालाही त्या अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही.

याचा अर्थ घराशेजारच्या एका छोट्या पवनचक्कीने घारी पळतील असा नाही. पात्यांपेक्षा अनेकदा नुकसान करतो तो पात्यांबरोबर येणारा लवाजमा. भीमाशंकरच्या परिसरात, शेकरूच्या राज्यात, पवनप्रकल्प आला तेव्हा माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. उभ्या उतारावर खोदलेले रुंद रस्ते, दरीत ढकललेला राडारोडा, त्याने ढासळलेले डोंगर, गढूळ झालेले पाणी आणि स्थानिकांनाच डोंगरावर जायला घातलेली बंदी. मोठे यंत्र आणायचे तर शंभर टनांची क्रेन आणायची, क्रेन आणायची तर घाटाचे वळण फोडायचे. एक किलोवॅटचे यंत्र मात्र टेम्पोत येते. खांब जमिनीवर आडवा ठेवून जोडतात, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला दोर आणि हाताने फिरवायची चरखी, आणि चार माणसे तो उभा करतात. वादळाची सूचना आली की तोच खांब खाली घेता येतो. याला रस्ता लागत नाही, तारांचे मनोरे लागत नाहीत. म्हणून छोटी पवनचक्की ओळखायची माझी खूण मीटरमध्ये नाही. जिच्यासाठी नवा रस्ता करावा लागतो ती छोटी नव्हे, कागदावर काहीही लिहिलेले असो.

दुसरी खूण मालकीची. इथे नवी मुंबईकरांना मी काय सांगणार! नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० मध्ये, आणि जानेवारी १९८४ मध्ये जमिनींसाठीच्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्या. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्क्यांचा हिस्सा प्रकल्पग्रस्तांना मिळाला. जमीन देणाऱ्याला विकासात भागीदारी हवी, हा विचार या मातीतून देशाला गेला असे मी मानतो. तिकडे डेन्मार्कने २००९ पासून दहा-अकरा वर्षे कायदाच केला होता, की नव्या पवनचक्कीतला किमान वीस टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना विकायला काढला पाहिजे. त्याच काळात जर्मनीतल्या बव्हेरियाने २०१४ मध्ये उलटा मार्ग धरला, पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतरात घर नको. परिणाम असा की बव्हेरियात नवीन पवनचक्क्या जवळपास थांबल्या. इंग्लंडने २०१५ मध्ये स्थानिकांच्या पाठिंब्याशिवाय परवानगी नाही असे ठरवून जमिनीवरच्या पवनचक्क्या गोठवल्या आणि २०२४ मध्ये तो निर्बंध उठवला. एकाने अंतर मोजले, दुसऱ्याने हरकती मोजल्या, तिसऱ्याने वाटा दिला. मला तिसरा शहाणा वाटतो. पात्याचा आवाज ज्याला रात्री ऐकायचा आहे, त्याच्याच दिव्यात ती वीज असेल, तर तो आवाज त्याला वेगळा ऐकू येतो.

आवाजाबद्दल मात्र भाबडेपणा नको. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वाशीच्या चौकात ती शांतता वाटेल. सड्यावरच्या वाडीत, जिथे रात्री रातकिडे आणि वाऱ्याखेरीज काही नाही, तिथे ४५ म्हणजे उशाशी कोणी बसल्यासारखे. मोठ्या पवनचक्क्यांना केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरापासून ५०० मीटर अंतर सांगितले. छोट्या यंत्राची पाती उलट जास्त वेगाने फिरतात, त्यांचा आवाज बारीक आणि चिरका असतो. तेव्हा शेजाऱ्याचे घर किती अंतरावर आहे आणि त्याची लेखी संमती आहे का, हे पाहिल्याशिवाय ग्रामपंचायतीने ना हरकत दाखला देऊ नये. मालकाच्या स्वतःच्या घराशेजारी असेल तर त्याची झोप त्याने सांभाळावी.

ग्रामपंचायत म्हटल्यावर एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात तो खून एका ऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडलेला आहे. न्यायालयात असलेल्या बाबीवर मी अधिक बोलणार नाही. एवढेच, की माळरानावर पाती फिरू लागली की वाऱ्याबरोबर मोठा पैसा वाहू लागतो आणि गावातला प्रामाणिक माणूस त्याच्या वाटेत येतो. लहान यंत्रात हा पैसा नाही, म्हणूनही मला ती बरी वाटतात.

तर माझा कौल असा. घराला किंवा वाडीला स्वतःची वीज हवी, वर्षभर वारा मोजलेला आहे, नवा रस्ता लागत नाही, शेजारी राजी आहे आणि मालक तिथे राहणारा आहे, तर परवानगी द्यावी, आणि ती तालुक्याला हेलपाटे न घालता गावातच मिळावी. मोडल्यावर खांब काढून नेण्याची अनामत मात्र आधी घ्यावी, नाहीतर दहा वर्षांनी सड्यावर गंजलेले सांगाडे उरतात. उघड्या सड्याच्या मध्यावर, जिथे माती बोटभर आहे, तिथे एकही नको, छोटीसुद्धा नको. आणि एकाच माळावर पहिला अर्ज आला की दुसरा, पाचवा, विसावा येणार का, हे ग्रामसभेने त्याच दिवशी विचारावे. एक-एक करत गेलेला डोंगर परत मिळत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यातल्या पुष्कळांचे मतदान आता ऐरोली-बेलापुरात आहे, गावच्या ग्रामसभेत हात वर करायचा हक्क तुम्हाला उरलेला नाही. पण सातबाऱ्यावर नाव आहे. वनकुसवड्याची जुनी यंत्रे आता वयाला आली आहेत. त्यांच्या जागी मोठी उभारायचे केंद्राचे धोरणही आले आहे, आणि त्यासाठी पुन्हा जमिनी लागतील, पुन्हा रस्ते लागतील, पुन्हा कोणीतरी कागद घेऊन कोपरखैरण्याला येईल. त्या दिवशी गावातल्या भावाला, चुलत्याला, तिथे राहणाऱ्या वहिनीला फोन लावा आणि त्यांचे मत ऐका. एकदा वर जाऊन सडा पाहून या, सप्टेंबरमध्ये जमले तर फारच चांगले. त्यानंतर सही करायची की नाही ते ठरवा.